कोंबडीचे खाद्य आणि रुग्णाचे औषध : प्रतिजैविकांना वनस्पतींचा पर्याय

संस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंद आणि विभागवार कामकाजाबरोबरच आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाची सविस्तर ओळख करून देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. कोंबड्यांनी काय खावे हा कुक्कुटपालकांचा आणि पशुवैद्यकांचा प्रश्न. धर्मादाय रुग्णालयाने त्यात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारल्यास ते वावगे ठरणार नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचेही मत तेच होते. एका प्रसंगाने ते बदलले.

२०१८ सालच्या पावसाळ्यात आमच्या अतिदक्षता विभागात एक वृद्ध गृहस्थ दाखल होते. जुना मधुमेह, पायाची चिघळलेली जखम आणि त्यावर न्यूमोनिया, अशी त्यांची अवस्था होती. तपासणीत आढळलेले जीवाणू नेहमीच्या एकाही प्रतिजैविकाला दाद देईनात, तेव्हा डॉक्टरांनी अखेरचा उपाय म्हणून कोलिस्टिनची इंजेक्शने सुरू केली. रुग्णाचा मुलगा कुक्कुटपालक होता. औषधांचे बिल समजावून घेण्यासाठी तो कार्यालयात आला आणि त्या नावावर बोट ठेवून थांबला. "साहेब, हे तर आम्ही कोंबड्यांना देतो. पिल्लं उतरली की पहिले पाच-सहा दिवस पाण्यातून, आणि खाद्यात तर ते येतंच," असे तो म्हणाला.

रुग्ण तीन आठवड्यांनी घरी गेले. त्यांचा संसर्ग कोंबड्यांमुळे झाला असे म्हणण्यास कोणताही पुरावा नव्हता. दाद न देणारे जीवाणू रुग्णालयांतही वाढतात, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्या डॉक्टरांनी कुलपात ठेवलेले औषध गावोगावच्या शेडमध्ये पुड्यांनी रिकामे होत होते, ही गोष्ट त्या दिवशी आम्हाला प्रथमच कळली. वडिलांना घेऊन जाताना मुलाने एक साधा प्रश्न विचारला : "ते बंद करा म्हणता, मग कोंबडीला द्यायचं काय?" त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर पशुवैद्यकांशी झालेल्या चर्चेतून आणि प्रसिद्ध संशोधनातून आम्हाला जे समजले, ते आमच्या देणगीदारांपुढे, विश्वस्तांपुढे आणि रुग्णांच्या नातेवाइकांपुढे ठेवीत आहोत.

खाद्यात प्रतिजैविक आले कसे?

या कथेचा आरंभ अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत होतो. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाने ज्या संशोधन विभागाची धुरा वाहिली, त्याच विभागातून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक १९४८ साली जगापुढे आले. औषध काढून घेतल्यानंतर उरणारा चोथा जीवनसत्त्व ब-१२ चा स्वस्त स्रोत म्हणून कोंबडीच्या पिल्लांना घालून पाहण्यात आला, तेव्हा पिल्ले अपेक्षेहून अधिक वेगाने वाढली. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी या गोष्टीचा पाठपुरावा केला आणि वाढीचे श्रेय चोथ्यात उरलेल्या प्रतिजैविकाच्या अंशाला आहे, असे दिसून आले. १९५१ मध्ये अमेरिकेत खाद्यातून प्रतिजैविके देण्यास परवानगी मिळाली आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली.

खाद्यातील ही मात्रा उपचाराच्या मात्रेहून पुष्कळ कमी असते; टनभर खाद्यात काही ग्रॅम. तेवढ्याने पक्ष्याच्या आतड्यातील जीवाणूंची गर्दी कमी होते, बाहेरून न दिसणारे बारीक संसर्ग दबतात, आतड्याचा दाह उतरतो आणि खाल्लेल्या अन्नाचा अधिक भाग अंगी लागतो, असे सामान्यतः मानले जाते. कुक्कुटपालनात एकूण खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खाद्यावर होतो. ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातो आणि तेवढ्या काळात साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. त्यात शे-पन्नास ग्रॅमची बचत झाली तरी हजारो पक्ष्यांच्या हिशेबात ती मोठी रक्कम होते. व्यवसाय करणाऱ्या माणसाने ती बचत नाकारावी, अशी अपेक्षा करणे सोपे नाही.

आपल्या राज्याचा या व्यवसायाशी जवळचा संबंध आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक आणि महाराष्ट्रात ७ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. स्वस्त अंडी आणि स्वस्त मांस यांमुळे सामान्य कुटुंबाच्या ताटात प्रथिने आली, हे या व्यवसायाचे ऋण कोणीही नाकारू नये. आमचे डॉक्टरही अशक्त रुग्णांना अंडी खाण्यास सांगतात.

बचत एका वहीत, खर्च दुसऱ्या वहीत

आम्ही हिशेबाच्या शिस्तीत वाढलेले आहोत. कोणताही खर्च नाहीसा होत नाही, तो कोठेतरी नोंदला जातोच, हे आम्हाला व्यवसायाने शिकवले. खाद्यातील प्रतिजैविकाने कुक्कुटपालकाच्या वहीत जी बचत दिसते, तिचा खर्च दुसऱ्याच एका वहीत नावे पडत असतो. ती वही रुग्णालयाची आहे.

ते कसे घडते, हे समजून घेण्यास वैद्यकीय शिक्षण लागत नाही. औषधाची पूर्ण मात्रा दिली तर बहुतेक जीवाणू मरतात. अल्प मात्रा दीर्घकाळ दिली तर दुबळे मरतात आणि त्या औषधाला तोंड देऊ शकणारे मागे राहून वाढतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेबद्दल नेमका हाच इशारा दिला होता. शेडमध्ये हजारो पक्षी दाटीने राहतात, एकाच लिटरवर बसतात आणि आयुष्यभर ती अल्प मात्रा घेतात. प्रतिरोधी जीवाणू तयार होण्यास याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तेथून ते काम करणाऱ्यांच्या हातांवर, कोंबडीखताबरोबर शेतात, सांडपाण्याबरोबर ओढ्यात आणि कच्च्या मांसाबरोबर स्वयंपाकघरात पोचतात. शिवाय जीवाणूंना आपल्याजवळचा प्रतिरोधाचा गुण दुसऱ्या जातीच्या जीवाणूला देता येतो.

याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. पहिले डेन्मार्कचे. तेथे कोंबड्यांच्या खाद्यात अव्होपार्सिन नावाचे प्रतिजैविक वापरीत. ते माणसांसाठी राखून ठेवलेल्या व्हँकोमायसिनच्या कुळातले. १९९५ मध्ये तेथील ब्रॉयलर कोंबड्यांतून मिळालेल्या एका जातीच्या आतड्यातील जीवाणूंपैकी ७२.७ टक्के जीवाणू या कुळाच्या औषधांना दाद देत नव्हते. त्याच वर्षी अव्होपार्सिनवर बंदी आली आणि २००० पर्यंत हे प्रमाण ५.८ टक्क्यांवर उतरले.

दुसरे उदाहरण चीनचे, आणि ते थेट कोलिस्टिनचे. हे औषध १९५० च्या दशकात वापरात आले, मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकात मागे पडले आणि नवी औषधे निकामी होऊ लागल्यावर डॉक्टरांना पुन्हा त्याच्याकडे वळावे लागले. मधल्या काळात ते जनावरांच्या खाद्यात स्थिरावले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी जाहीर केले की, कोलिस्टिनला निकामी करणारा आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा जनुक त्यांना सापडला आहे. कत्तलीच्या जनावरांतील ८०४ जीवाणू-नमुन्यांपैकी १६६, कच्च्या मांसातील ५२३ पैकी ७८ आणि रुग्णालयातील रुग्णांच्या १,३२२ पैकी १६ नमुन्यांत तो आढळला. २०१७ मध्ये चीनने खाद्यातील कोलिस्टिन बंद केले. त्यानंतरच्या पाहणीत कोंबड्यांतील कोलिस्टिन-प्रतिरोधी जीवाणूंचे प्रमाण १८.१ वरून ५ टक्क्यांवर आले आणि हा जनुक बाळगणाऱ्या माणसांचे प्रमाणही २०१६ मधील १४.३ वरून २०१९ मध्ये ६.३ टक्क्यांवर उतरले. खाद्यातील एका बदलाने माणसांच्या शरीरातील चित्र पालटू शकते, याचा हा पुरावा आहे.

हे प्रश्न दूरदेशीचे नाहीत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली आणि परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी, कुक्कुटपालनात, मत्स्यशेतीत आणि खाद्यपूरकांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी केली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये प्राणिजन्य अन्नातील औषधांच्या अंशांना मर्यादा घातल्या आणि १ एप्रिल २०२५ पासून ते नियम अधिक कडक झाले. युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके देणे १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद आहे. तेव्हा बंद करावे की नाही, हा वाद आता जवळजवळ संपला आहे. उरला आहे तो आमच्या कुक्कुटपालकाचा प्रश्न.

मसाल्याच्या डब्यातील उत्तर

परसात कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या पक्षी मलूल दिसला की लसूण ठेचून, हळद कालवून किंवा ओव्याचे पाणी करून देत. आधुनिक संशोधनाने याच डब्याकडे नव्याने पाहिले आहे.

ओव्याच्या उग्र वासाचे कारण म्हणजे त्यातील थायमॉल हे द्रव्य. त्याचेच भावंड असलेले कार्व्हाक्रॉल ओरेगॅनो या युरोपीय वनस्पतीत विपुल आहे. ही द्रव्ये जीवाणूच्या बाहेरील आवरणात शिरून ते सच्छिद्र करतात आणि आतील द्रव बाहेर गळू लागतो. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतील युजेनॉल यांचेही काम जीवाणूंच्या विरोधातच चालते. लसणातील अ‍ॅलिसिन पाकळी ठेचल्यावरच तयार होते, म्हणून अख्ख्या लसणात तो गुण मिळत नाही. हळदीतील कुर्क्युमिन दाह कमी करते. मिरी, मिरची आणि आले यांच्या तिखटपणाने लाळ, पित्त आणि पाचकरस अधिक स्रवतात; जेवणानंतर ओवा-बडीशेप खाण्याच्या आपल्या सवयीत हेच शहाणपण आहे.

या वनस्पतींचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रतिजैविक हे बहुधा एकच द्रव्य असते आणि ते जीवाणूच्या एखाद्या ठरावीक जागी घाव घालते. वनस्पतीच्या अर्कात अनेक द्रव्ये एकत्र असतात आणि त्यांचे घाव अनेक जागी पडतात, त्यामुळे जीवाणूंना त्यांच्याशी जुळवून घेणे अवघड जाते असे मानले जाते. अशक्य आहे, असे मात्र कोणी अभ्यासू सांगत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उद्या एखादा जीवाणू ओव्याला सरावलाच, तरी अतिदक्षता विभागातील कुलूपबंद कपाटातले औषध त्यामुळे वाया जाणार नाही. रुग्णालयाच्या दृष्टीने या पर्यायाचे सारे मोल या एका वाक्यात आहे.

देशविदेशांत याविषयी बरेच प्रयोग झाले आहेत. त्यांची रीत अशी असते की, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांचे गट पाडतात. एका गटाला साधे खाद्य, दुसऱ्याला प्रतिजैविकयुक्त खाद्य आणि तिसऱ्याला वनस्पती मिसळलेले खाद्य देतात आणि वजन, खाल्लेले खाद्य व मर यांची नोंद ठेवतात. ओव्याच्या किंवा ओरेगॅनोच्या जातीची सुगंधी तेले टनामागे साधारण १०० ते २०० ग्रॅम आणि हळद किंवा लसणाची पूड टनामागे ५ किलोंच्या आसपास, अशी प्रमाणे प्रयोगांत वारंवार दिसतात. अनेक प्रयोगांत वनस्पतींचा गट प्रतिजैविकाच्या गटाच्या बरोबरीने वाढला, काही प्रयोगांत साध्या खाद्याच्या गटाहून त्याच्यात काहीच फरक पडला नाही.

निकाल सारखे का येत नाहीत?

या विसंगतीची कारणे जाणून घेतल्यावर आम्हाला हा विषय खऱ्या अर्थाने उमगला. पहिले कारण मालाचे. रासायनिक औषधाची पुडी नेहमी सारखीच असते, पण ओवा कोणत्या शेतातला, कोणत्या हंगामातला आणि किती दिवस साठवलेला, यावर त्यातील तेल ठरते. सांगलीच्या बाजारात दोन पोत्यांतील हळदीचा भाव वेगळा लागतो, तसाच तिचा गुणही वेगळा असतो. भेसळीचा धोकाही आहेच. हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी मिसळले जाणारे लेड क्रोमेट शिसेयुक्त असते आणि ते कोंबडीला व माणसाला सारखेच घातक आहे.

दुसरे कारण उष्णतेचे. सुगंधी तेले उडून जाणारी असतात. कांडी-खाद्य तयार करताना वाफेच्या उष्णतेत त्यांचा काही भाग नाहीसा होतो. तिसरे कारण आतड्याचे. ही द्रव्ये पचनमार्गाच्या वरच्या भागातच शोषली जातात आणि जेथे उपद्रवी जीवाणूंची वस्ती असते, त्या खालच्या भागापर्यंत फारशी पोचत नाहीत. म्हणून आता तेलाच्या सूक्ष्म कणांवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चढवून ती तयार करतात. मात्रा वाढवून हा दोष जात नाही. कडुनिंबासारखा कडू पाला अधिक झाला तर पक्षी खाद्यच कमी खातात आणि लसूण जास्त झाला तर त्याचा वास अंड्यापर्यंत उतरू शकतो.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. स्वच्छ, कोरड्या, हवेशीर शेडमधील निरोगी पक्ष्यांत वनस्पतींचा फायदा फारसा दिसत नाही. प्रतिजैविकांचाही दिसत नाही. कारण दाबून टाकण्याजोगा संसर्गच तेथे थोडा असतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. खाद्यातील प्रतिजैविक हे बऱ्याच अंशी अस्वच्छतेवर घातलेले पांघरूण होते. ते काढून त्या जागी ओव्याचे पांघरूण घातले, तरी खालची अस्वच्छता जात नाही.

वनस्पतींची मर्यादाही येथेच सांगणे आवश्यक आहे. मानमोडी हा विषाणूचा रोग आहे. त्यावर प्रतिजैविक चालत नाही आणि हळदही चालत नाही, वेळेवर लस टोचणे हाच उपाय. रक्ती हगवण आणि आतड्याचा तीव्र जीवाणूसंसर्ग यांची साथ आली, तर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीने योग्य औषध, पूर्ण मात्रेत आणि नेमलेले दिवस दिलेच पाहिजे. त्यानंतर ठरलेला काळ लोटल्याशिवाय ते पक्षी किंवा त्यांची अंडी विक्रीस काढू नयेत. आजारी पक्ष्याला औषध नाकारावे, असे आम्ही म्हणत नाही. निरोगी पक्ष्याला रोज औषध चारू नये, एवढेच म्हणणे आहे.

रुपये-आण्यांचा हिशेब

हे सारे परवडते का, हा प्रश्न देणगीदारांतील व्यापारी मंडळी विचारतीलच. डेन्मार्कमध्ये खाद्यातील प्रतिजैविके बंद केल्यानंतर एक किलो वजनवाढीस लागणारे खाद्य सरासरी १६ ग्रॅमने वाढले. मर वाढली नाही. दोन किलोंच्या पक्ष्यामागे हे ३२ ग्रॅम खाद्य होते. समजा, खाद्याचा दर किलोला ४० रुपये धरला, तर पक्ष्यामागे सव्वा रुपयाच्या आसपास बोजा पडतो, आणि त्यातून न घेतलेल्या औषधाची किंमत वजा करावयाची असते. तेथील शेड स्वच्छ, हवा थंड आणि रक्ती हगवणीवरची स्वतंत्र औषधे चालू होती, हे मात्र विसरता येणार नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तोटा याहून अधिक असू शकेल. अमेरिकेतील सुमारे ७० लाख ब्रॉयलर पक्ष्यांच्या नोंदींवरून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात तर असे निघाले की, औषधाचा खर्च त्यातून मिळणाऱ्या लाभाहून किंचित अधिकच होता.

वनस्पतींचा खर्चही तपासू. टनभर खाद्य सुमारे २८५ पक्ष्यांना पुरते. टनाला ५ किलो हळदपूड घातली आणि तिचा भाव किलोला १५० रुपये धरला, तर टनामागे ७५० रुपये, म्हणजे पक्ष्यामागे अडीच रुपयांहून अधिक होतात. अल्प मात्रेत लागणारे तयार मिश्रण समजा टनामागे ३०० रुपयांना पडले, तर पक्ष्यामागे रुपया-सव्वा रुपया. या रकमा लहान दिसतात. परंतु जेथे नफाही किलोमागे काही रुपयांचाच असतो, तेथे त्या लहान नसतात. करार पद्धतीत तर पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरवते, शेतकऱ्याची शेड आणि मेहनत असते. खाद्यात काय घालावे, हे ठरविणे त्याच्या हाती नसतेच. म्हणून सारा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या वहीतील आकडे मात्र लहान नाहीत. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणुसंसर्गाने २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. यात माणसांतील औषधांच्या गैरवापराचा वाटा मोठा आहे, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. आमच्या विभागात असा एक रुग्ण आला की महागडी इंजेक्शने, वेगळी खाट, मूत्रपिंडाच्या रोजच्या तपासण्या आणि लांबलेले दिवस, असा खर्च वाढत जातो. गरीब रुग्णाच्या बाबतीत तो निर्धन रुग्ण निधीतून, म्हणजे आपण दिलेल्या देणगीतून भागतो. पक्ष्यामागे वाचलेला रुपया कोठे नावे पडतो, हे यावरून ध्यानी येईल.

एका शेडचा अनुभव

आरंभी उल्लेखिलेले कुक्कुटपालक नंतर वडिलांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी नियमितपणे येत राहिले. त्यांची स्वतःची शेड असून ते करारात नाहीत, म्हणून त्यांना प्रयोग करणे शक्य झाले. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यांनी एका शेडमध्ये खाद्यातील प्रतिजैविक बंद करून ओवा, लसूण आणि हळद यांचे मिश्रण सुरू केले. पहिली बॅच वाईट गेली. पिल्लांना हगवण लागली, मर वाढली आणि त्यांनी तोटा सोसला. "तुमच्या नादी लागून बुडालो," असे ते आम्हाला हसत म्हणाले, पण त्या हसण्यात राग होता आणि तो रास्त होता.

पशुवैद्यकाने शेड पाहिली, तेव्हा कारण समजले. औषध गेले होते, पण बाकी सारे पूर्वीसारखेच होते. भाताचे तूस पावसाने ओले, पाण्याच्या टाकीत शेवाळ आणि दोन बॅचमध्ये जेमतेम चार दिवसांचे अंतर. दुसऱ्या बॅचपूर्वी त्यांनी शेड पंधरा दिवस रिकामी ठेवली, चुना मारला, टाकी धुऊन पाण्यात क्लोरीन सुरू केले, तूस रोज हलवून कोरडे राखले आणि दाराशी पाय बुडविण्यासाठी जंतुनाशकाची पेटी ठेवली. ती बॅच बरी गेली. तिसऱ्या बॅचचे वजन त्यांच्या शेजारच्या, औषधावर वाढलेल्या शेडइतकेच भरले. यातील श्रेय ओव्याचे किती आणि केरसुणीचे किती, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "निम्म्याहून जास्त केरसुणीचं. पण ओव्यामुळे मला औषध सोडायचा धीर आला."

एका शेडच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वर सांगितलेल्या संशोधनाचा सारांश याहून नेमक्या शब्दांत आम्हालाही लिहिता आला नसता.

आमचे काम आणि आपला वाटा

दुसऱ्याच्या अंगणाविषयी बोलताना स्वतःचे अंगण झाडणे आवश्यक असते. रुग्णालयात राखीव प्रतिजैविक सुरू करण्यासाठी दोन डॉक्टरांच्या सह्या आणि जीवाणू-तपासणीचा नमुना घेतल्याची नोंद आता लागते. हात धुण्याविषयीचा आग्रह कर्मचाऱ्यांपासून भेटीस येणाऱ्या नातेवाइकांपर्यंत सर्वांना सारखा आहे. रुग्णांच्या आहारासाठी अंडी पुरविणाऱ्याकडून, पक्ष्यांना वाढीसाठी प्रतिजैविके दिली जात नाहीत आणि उपचारानंतरचा ठरलेला काळ पाळला जातो, असे लेखी हमीपत्र आम्ही घेतो. प्रत्येक अंडे तपासणे आम्हाला शक्य नाही. परंतु ग्राहक विचारतो आहे, हे पुरवठादाराला कळणे हीही एक सुरुवात आहे.

रुग्णांचे नातेवाईक आम्हाला विचारतात की, मग अंडी आणि चिकन सोडावे का? त्याची गरज नाही. नीट शिजविल्याने जीवाणू मरतात. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवावा आणि त्याच पाटावर कोशिंबीर चिरू नये. औषधांचे अंश मात्र शिजवून पूर्णपणे जातील याची खात्री नसते. त्यासाठी उत्पादकानेच नियम पाळायला हवेत. घरातील उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या शेजाऱ्याला किंवा कोंबडीला देऊ नयेत आणि डॉक्टरांनी सांगितलेला क्रम मधेच सोडू नये. आपल्यापैकी जे कुक्कुटपालक आहेत, त्यांनी खाद्याच्या पोत्यावरील घटकांची यादी वाचावी, वनस्पतींचे मिश्रण घेताना त्यातील घटक व प्रमाण छापलेले आहे का ते पाहावे आणि बदल एकदम न करता पशुवैद्यकाच्या सल्ल्याने एका शेडपासून सुरू करावा.

नवे प्रतिजैविक शोधण्यास वर्षानुवर्षे लागतात आणि अपार पैसा लागतो. असलेले टिकविण्यास कोरडे तूस, स्वच्छ पाणी आणि चिमूटभर ओवा यांची मदत होत असेल, तर या खर्चाला आमच्या ताळेबंदात रकाना नसला तरी तो आमच्याच रुग्णांच्या कामी येतो. "मग कोंबडीला द्यायचं काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हाला काही वर्षे लागली, याबद्दल त्या कुक्कुटपालकांची क्षमा मागतो. त्यांचे वडील आजही तपासणीस येतात, आणि येताना कधी कधी कर्मचाऱ्यांसाठी अंड्यांचा ट्रे घेऊन येतात. तो आम्ही आनंदाने स्वीकारतो.

— व्यवस्थापन